काचेआडचा शब्दकोश

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, आणि मला राग आला आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्याने नम्रपणे बोलावे असे म्हणतात. मित्रांनो, मला ते आज जमणार नाही.

माझी छपाई पुण्यात झाली. धारवाडला सुभाष रोडवरच्या एका दुकानात मी बरेच दिवस पडून होतो. मी जाडजूड आणि महाग, त्यामुळे लोक मला हातात घेत, वजन बघत आणि परत ठेवत. एके दिवशी विठ्ठलराव मास्तर आले. ते मराठी शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी किंमत बघण्याआधी मला मधेच उघडले, एक अख्खे पान उभ्या-उभ्या वाचले आणि मगच पिशवीत घातले.

मास्तरांचा एक नियम होता. कोणी मुलगा नुसता शब्द घेऊन आला, की ते त्याला परत पाठवत. वाक्य आण, मग अर्थ देतो, असे म्हणत. 'रन' हा एवढासा शब्द, पण त्याच्यासाठी माझी दोन पाने खर्ची पडली होती. मुले वाक्ये आणत आणि मास्तर माझ्यावर बोट ठेवून दाखवत. मुलगा रन करतो तेव्हा तो धावतो. नळ रन करतो तेव्हा पाणी वाहते. इरकल साडीचा रंग रन करतो, म्हणजे धुताना उतरतो. दुकान रन करायचे म्हणजे चालवायचे. इथे मास्तर हमखास हसत. आपल्याकडे मराठीत दुकान चालते, कानडीतही ते चालवतातच, इंग्रजांनाच मेली पळायची घाई, असे म्हणत. निवडणुकीत तर कमालच! तिकडे अमेरिकेत उमेदवार पळतो आणि आपल्याकडे तो उभा राहतो.

त्या वर्षांत माझे कोपरे झिजले, पाठ उसवली. मास्तरांनी मला हुबळीला नेऊन नवी बांधणी करून आणली. मुलांच्या बोटांचे डाग माझ्या अंगावर होते, आणि मला त्यांचा अभिमान होता.

मास्तर गेले. त्यांचा मुलगा प्रभंजन याने सुभाष रोडवरच एका माडीवर इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास काढला. वडिलांची आठवण म्हणून त्याने मला दारासमोर काचेच्या कपाटात ठेवले आणि कुलूप घातले. पालक आले की तो माझ्याकडे बोट दाखवी आणि हा आमच्या अप्पांचा कोश म्हणून सांगे. पालक हात जोडत आणि फी भरत. भिंतीवर मात्र त्याने मोठा तक्ता लावला होता. एक शब्द, एक अर्थ. रन म्हणजे धावणे, संपला विषय! त्या तक्त्यावर शिकलेल्या मुलांचे नळ धावत होते आणि साड्यांचे रंगही धावत होते. मी समोरून हे सगळे ऐकत होतो. मला ओरडता येत नाही, नाहीतर ती काच मी फोडली असती.

प्रभंजनची मुलगी भार्गवी. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली आणि मग हुबळीच्या कॉलेजात सायन्सला गेली. तिथे सगळेच इंग्रजीत. प्रयोग पुन्हा 'रन' करा असे पुस्तकात होते. तिने बापाच्या तक्त्याप्रमाणे अर्थ लावला आणि भर वर्गात सरांना विचारले, की सर, प्रयोगात धावायचे कुठे? वर्ग हसला. पहिल्या चाचणीत ती नापास झाली. सहामाहीतही असेच झाले तर कॉलेज सोडून देईन, असे तिने आईला, हेमावतीला, सांगून टाकले.

तिने बापाकडे माझ्या कपाटाची किल्ली मागितली. एकदा नाही, अनेकदा मागितली. पाने जुनी आहेत, फाटतील, अप्पांची एवढी एकच वस्तू उरली आहे, असे म्हणून त्याने दरवेळी तिला तक्त्याकडे पाठवले. पोरीचे शिक्षण बुडायची वेळ आली होती आणि या गृहस्थाला माझ्या पानांची काळजी!

माझे कुलूप वर्षातून एकदाच निघे, नवरात्रात सरस्वतीपूजनाला. तेव्हा मला पाटावर मांडत, ओल्या फुलांचा हार घालत, हळदकुंकू वाहत. पण पूजेतले पुस्तक दसऱ्यापर्यंत उघडायचे नाही अशी रीत, आणि दसरा झाला की मी पुन्हा कपाटात. दरवर्षी तो ओलावा आणि ते कुंकू अंगात मुरवत मी काचेआड बसे.

यंदा पूजेला क्लासची मुले आणि पालक जमले होते. आरती झाली. भार्गवी पुढे आली, तिने हार काढून बाजूला ठेवला आणि मला मांडीवर घेतले. प्रभंजन कडक आवाजात म्हणाला, "पूजेतलं पुस्तक उघडू नये, भार्गवी."

"बाबा, वर्षभर कुलूप आणि आज पूजा. मग उघडायचं कधी?"

पालक एकमेकांकडे बघू लागले. प्रभंजन मला घ्यायला वाकला, तेव्हा हेमावती मधे आली. "साकु, पुरे आता," ती कानडी-मराठी मिसळून म्हणाली. "पोरीला वाचू दे की हो."

भार्गवीने मला उघडले. पाने एकमेकांना चिकटली होती. तिने ती नखाने हलकेच सोडवली आणि 'रन'पाशी आली. तिथे कसर लागली होती. दोन्ही पानांची चाळण झाली होती. वरचा पहिला अर्थ तेवढा शाबूत होता, धावणे. बाकीचा भुगा तिच्या ओढणीवर सांडला.

प्रभंजन खाली बसला. त्याने पान उजेडाकडे धरले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले.

"मी रोज पुसत होतो गं," तो म्हणाला.

"काच पुसत होता, बाबा."

त्याने किल्ली काढून तिच्या हातात दिली. सुट्टीभर ती माझी उरलेली पाने उलटत राहिली, वाक्य समोर ठेवून, आजोबांसारखी. सहामाहीत ती कशीबशी पास झाली. कॉलेज सुटले नाही. मला आनंद झाला, पण माझा राग गेलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे पुस्तक काचेआड असेल तर त्याला हार घालू नका. त्याला हात लावा. फाटले तर चिकटवा. 'रन'चे जे अर्थ मी तुम्हाला वर सांगितले, ते मुलांनी मोठ्याने विचारले होते म्हणून मला आठवतात. त्या पानांवर आणखी कितीतरी होते. ते काय होते, हे आता मलाही माहीत नाही.