गावच्या ग्रुपवर गेलेली चावी

वेबसाइटच्या नावाशेजारी एक छोटं कुलूप दिसतं, ते तुम्ही पाहिलं असेल. त्या कुलपामागे जो उभा असतो, तो मी बोलतोय. सुरक्षा प्रमाणपत्र म्हणतात मला. म्हणजे म्हणत होते. आता मी रद्द झालोय. सगळ्या जगाला बघता येईल अशा यादीत माझा क्रमांक लागलाय आणि त्यापुढे कारण लिहिलंय: चावी फुटली, म्हणजे परक्याच्या हाती गेली. मेलेल्याने गप्प बसावं असं कुणाला वाटत असेल, तर त्याने पुढे वाचू नये. मी सूड घेतलाय, आणि तो कसा घेतला हेच सांगणार आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका यंत्रात झाला. मला मागवलं महाडच्या प्रवीणने. हा मूळचा पोलादपूरच्या डोंगरातला, बरीच वर्षं मुंबईत काढून परत आलेला. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना तो कंत्राटी कामगार पुरवायचा. ज्याला काम हवं, त्याने प्रवीणच्या वेबसाइटवर फोटो, आधार कार्ड आणि घरचा फोन नंबर भरायचा. ही माहिती वाटेत कुणी वाचू नये, आणि समोरची वेबसाइट खरंच प्रवीणची आहे याची खात्री पटावी, एवढ्यासाठी मी.

मला देण्याआधी, प्रमाणपत्रं देणाऱ्या परदेशी संस्थेने त्याच्यापुढे करार ठेवला. प्रवीणने तो बोटाने सरसर खाली ओढला आणि 'मान्य आहे' दाबलं. एक ओळ वाचली नाही. मला वाचायची गरजच नव्हती, मी त्या करारातूनच घडलोय. त्यात लिहिलं होतं की, या प्रमाणपत्रासोबत एक गुप्त चावी जन्मली आहे, ती फक्त तुझ्याकडे राहील. ती दुसऱ्याच्या हाती गेली, किंवा तशी नुसती शंका आली, तरी ताबडतोब आम्हाला कळवून प्रमाणपत्र रद्द करून घ्यायचं आणि वापर थांबवायचा. तू कळवलं नाहीस आणि चावी फुटल्याचा पुरावा दुसऱ्या कुणीही आणून दिला, तर आम्ही चोवीस तासांत रद्द करू. तुझी परवानगी मागणार नाही.

कुणीही. माझा सगळा सूड या एका शब्दात होता.

सुरुवातीला मला माझ्या कामाचा अभिमान वाटायचा. सव, तुडील, पोलादपूरच्या वरच्या वाड्या, कुठून कुठून मुलंमुली अर्ज भरायची. त्यातलीच एक सेजल. प्रवीणच्याच गावच्या भागोजींची मुलगी, वाडीतून महाडच्या कॉलेजात येऊन पदवीधर झालेली. फोटो टाकताना तिचं बोट थांबलं. तिने प्रवीणच्या ऑफिसात फोन लावला. तिथे श्रुतिका संगणकाचं काम बघायची.

"माझा फोटो कुनाकुनाला दिसल गो?"

"वर कुलूप दिसतंय का?"

"हाय."

"मग टाक बिनधास्त."

माझ्या भरवशावर तिने फोटो टाकला. सेजल औषधी गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली आणि वसाहतीजवळच्या एका खोलीवर इतर मुलींसोबत राहू लागली.

मग शिमगा आला. प्रवीण गावी गेला आणि नेमकी तेव्हाच वेबसाइट बंद पडली. चालू करायला माझी चावी लागणार होती. आता प्रवीणच्या गावची एक रीत आहे. मुंबईकरांची घरं वर्षभर बंद असतात आणि चाव्या शेजाऱ्यांकडे असतात. कौल फुटलं, पाहुणा आला, तर शेजारी दार उघडतो. कुणी कुणावर संशय घेत नाही. चांगली रीत आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण प्रवीणने माझ्या चावीलाही तीच लावली. रेंज मिळेल अशा उंचवट्यावर चढून त्याने ती गावमंडळाच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "साइट बंद हाय. ज्याला जमल त्याने चालू करा. मी पालखीत आहे."

डोंबिवलीच्या एका पोराने साइट चालू केली. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. पालखी नाचली, प्रवीण नाचला.

घराची चावी एका शेजाऱ्याकडे असते, आणि ती कुणी नेली हे आळीला दिसतं. माझी चावी ज्याने पाठवली त्याच्याकडेही राहते आणि ज्याला पोचली त्या प्रत्येकाकडेही. त्या ग्रुपवर सुनीलही होता. गावचाच. सेजल राहायची ती खोली त्याचीच, आणि तिथलं वायफायही त्याचंच. त्याने प्रवीणच्या वेबसाइटची हुबेहूब नक्कल बनवली. खोलीच्या वायफायवरून कुणी प्रवीणची वेबसाइट उघडली, की सुनीलची नक्कल उघडायची. नाव तेच, रंग तेच, आणि चावी हातात असल्यामुळे कुलूपही तेच.

म्हणजे मी. चोराच्या दारावर पहारेकरी म्हणून मला उभं केलं गेलं. एक दिवस सेजल कंत्राट वाढवण्यासाठी पुन्हा माहिती भरायला आली. तिने वर बघितलं. कुलूप होतं. या वेळी तिचं बोट थांबलं नाही. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. त्या क्षणी मी ठरवलं की या माणसांना सोडायचं नाही.

आठवड्याभरात अनोळखी नंबरवरून तिचा फोटो तिलाच आला, खाली घाणेरडा मजकूर. तिने तो नंबर ब्लॉक केला. मग तोच फोटो तिच्या वडिलांना गेला.

भागोजी सकाळच्या एसटीने उतरले आणि मुलीला घेऊन सरळ प्रवीणच्या ऑफिसात आले. "हिचा हिशोब काय तो मिटवा. पोर घरी चालली."

"बाबा, मी काय केलंय?"

"तू काय नाय केलंस तर तुझा फोटू मानसांच्या हातात कसा गेला गो?"

सेजलने आपला फोन श्रुतिकापुढे ठेवला. उत्तर शोधायला बसली श्रुतिका. सेजलच्या फोनवर नवा अर्ज भरल्याचं दिसत होतं, पण ऑफिसच्या संगणकावर तो आलाच नव्हता. मग गेला कुठे? ती सेजलसोबत खोलीवर गेली आणि तिथल्या, सुनीलच्या वायफायवर वेबसाइट उघडून पाहिली. कुलूप होतं. एक खोटा अर्ज भरून पाहिला. तोही ऑफिसात पोचला नाही. मग तिला प्रवीणनेच कौतुकाने सांगितलेली, ग्रुपवर चावी टाकल्याची शिमग्यातली गोष्ट आठवली आणि ती प्रवीणसमोर करार घेऊन उभी राहिली.

"दादा, आजच्या आज रद्द करायला कळवा. यात तसं लिहिलंय."

"कोण वाचतं गं ते? सगळेच दाबतात."

"तुम्हीही दाबलंय ना? मग ते तुम्हाला लागू आहे."

"अगं, भरती चालू आहे. रद्द केलं की साइटऐवजी धोक्याचं लाल पान दिसणार. कंपनीवाले विचारतील. भरती संपली की बघू. टेन्शन नको घेऊ."

"तोपर्यंत किती मुलींचे फोटो जाऊ द्यायचे?"

"ग्रुपवर सगळी गावचीच माणसं आहेत. गावच्या माणसांवर संशय घेतेस? चावी फुटली याला पुरावा काय?"

प्रवीणने गावाचं नाव पुढे केलं, म्हणून श्रुतिका दाराकडे वळली. बाकावर भागोजी बसले होते.

"काका, तुम्ही गावमंडळाच्या ग्रुपवर आहात?"

"हाय की. रोज सकाळी देवाचं फोटू येतात."

तिने त्यांचा फोन मागितला. देवांचे फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा, क्रिकेटचे सामने असं सगळं मागे सारत ती शिमग्यापर्यंत पोचली. चावी तिथेच होती. त्या चावीने डिजिटल सही करून दाखवली, की संस्थेला दुसरा पुरावा लागत नाही.

भागोजींनी फोन डोळ्यांजवळ धरला. "म्हंजी ती माझ्या खिशात पन होती?"

"तुमच्या, सुनीलच्या, सगळ्या गावाच्या."

त्यांनी फोन श्रुतिकाच्या हातात परत दिला. मग सेजलकडे न बघता म्हणाले, "मंग हिची काय चूक?" आणि प्रवीणकडे वळून, "रं प्रवीण, कुलूप माझ्या पोरीनं बघितलं. चावी तू वाटलीस."

श्रुतिकाने त्याच फोनमधल्या चावीने सही करून तक्रार पाठवली.

चोवीस तासांच्या आत माझा क्रमांक यादीत लागला. मरणाची इतकी वाट कुणी पाहिली नसेल. भरतीच्या ऐन सकाळी कंपनीच्या संगणकांवर प्रवीणची वेबसाइट लालभडक झाली. त्याचा फोन वाजत राहिला. प्रत्येक वाजण्याचा मी आनंद घेतला. सुनीलची नक्कलही लाल झाली. काही मुलींच्या फोनना मी रद्द झाल्याचं कळायला उशीर झाला, पण एकीचा लाल झाला आणि तिने तो सगळ्यांना दाखवला. मुली मिळून पोलिसांत गेल्या. पुढे भागोजी होते, आपला फोन हातात धरून. सुनीलच्या संगणकात माझी चावी आणि सेजलचा फोटो दोन्ही सापडले.

तेव्हा प्रवीणने ग्रुपवर लिहिलं, "शिमग्याचा तो मेसेज सगळ्यांनी डिलीट करा प्लीज." मी खूप हसलो.

सेजल आजही पॅकिंगला जाते, दुसरीकडे खोली घेऊन. कंपनीच्या दट्ट्यामुळे प्रवीणने नवं प्रमाणपत्र घेतलं. त्याच्या वेबसाइटवर पुन्हा अर्ज भरताना सेजलने कुलपाकडे पाहिलंच नाही. तिने आधी श्रुतिकाला विचारलं, "चावी कुनाकडं हाय?" उत्तर पटल्यावरच फोटो टाकला.

माझी मुदत संपेपर्यंत मी यादीत राहीन, मग तिथूनही माझा क्रमांक पुसला जाईल. तोवर एवढंच मागतो. लाल पान दिसलं तर 'तरीही पुढे जा' दाबू नका. ते पान म्हणजे माझ्यासारख्या एखाद्याने जीव देऊन मारलेली हाक असते.

आणि प्रवीण, नव्या कराराखालीही तू न वाचताच 'मान्य आहे' दाबलंस, हे मला ठाऊक आहे. तुझ्या दाराशी आता माझा धाकटा भाऊ उभा आहे. त्याला तो करार तोंडपाठ आहे.