जोडीतलं एक त्रनिच

निवृत्तांच्या मंडळाची सहल ठरवण्याचं काम देवाने माणसाची सहनशक्ती जोखायलाच काढलं असावं, असं युस्तिनाचं प्रामाणिक मत होतं. बस हवी, पण वळणावर गरगरायला नको. चालायला हवं, पण गुडघे दुखायला नकोत. जेवण घरच्यासारखं हवं, पण घरी खातो तेच नको. त्यात या वर्षी मंडळाचे अध्यक्ष बोगोमिर यांनी डोंगरावरच्या चीजवाल्यांकडे, वेलिका प्लानिनावर जायचं काढलं आणि सगळं झेंगट युस्तिनाच्या गळ्यात अडकवलं. जन्मभर टपाल वाटलेली बाई. गावातलं एकूण एक दार आणि दारातलं कुत्रं तिला ठाऊक. ती नाही म्हणणार नाही, हे बोगोमिरना पक्कं माहीत होतं.

"आधी तुम्ही वर जाऊन बघून या," ते म्हणाले. "वरची ती चीजवाली अगाता एवढ्या माणसांना जेवू घालेल का, रेझीचा गुडघा तिच्या झोपडीपर्यंत पोचेल का, सगळं विचारून घ्या. आणि वेंडेलना बरोबर न्या. बस तेच चालवणार आहेत."

"त्यांना कशाला त्रास? बस काय अगाताच्या चुलीपर्यंत जाणार आहे?"

युस्तिना असं म्हणाली खरी, पण हे म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. दुसऱ्याच दिवशी ती काम्निक शहरात जाऊन केस नीट करून आली.

वेंडेल इथला नव्हता. देशाच्या पार पूर्वेकडचा, मुरा नदीच्या काठच्या सपाटीवरचा माणूस. तिथे आयुष्यभर बस चालवली, बायको गेली, तेव्हा मुलाने त्याला इकडे आणलं. मुलाची एक छोटी बस होती, ती गरज पडली की वेंडेल चालवायचा. एरवी मंडळात येऊन डगमगत्या खुर्च्या ठोकायचा आणि पत्त्यांत हरायचा. एकदा युस्तिनाचं करकरणारं फाटक दुरुस्त करायला म्हणून आला, कॉफी प्यायला, आणि मग दर गुरुवारी येऊ लागला. फाटक कधीचं सरळ झालं होतं. कॉफी मात्र चालूच होती. येताना कधी गावाकडचं भोपळ्याच्या बियांचं काळंकुट्ट तेल आणायचा, कधी काहीच नाही. दोघं हवेबद्दल बोलायची, भाज्यांबद्दल बोलायची, आणि अजूनही एकमेकांना अहो-जाहो करायची.

सरळच सांगायचं तर युस्तिनाला तो आवडला होता. उरलेली वर्षं समोरच्या खुर्चीत हा माणूस असावा, असं तिला वाटे. पण विचारायचं कुणी? नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पांढरे केस झालेले, आणि गावात रेझीसारख्या बायका. रेझीला एक शब्द कळला की प्रार्थना सुटायच्या आत चर्चमध्ये सगळ्यांना कळलेला असे. म्हातारपणी हसं करून घेण्याची युस्तिनाला धास्ती होती. म्हणून ती मूग गिळून कॉफी ओतत राहिली.

वर जायच्या दिवशी तारेवरच्या पाळण्यात बसायची वेळ आली तेव्हा वेंडेलचा चेहरा विरजलेल्या दुधासारखा झाला.

"घाबरलात की काय?" युस्तिनाने विचारलं.

"बाई, आमच्याकडे सगळ्यात उंच जागा म्हणजे करकोच्याचं घरटं. आणि तिथेही करकोचाच जातो, आम्ही नाही."

"मग डोळे मिटा."

त्याने डोळे मिटले आणि वर पोचेपर्यंत तिची बाही घट्ट धरून ठेवली. खालचं अख्खं जंगल सरकून गेलं तरी त्याने काही पाहिलं नाही. युस्तिनाने सहलीसाठी वाट नीट पाहून ठेवायला हवी म्हणून खाली बघितल्यासारखं केलं, पण तिचंही लक्ष बाहीवरच होतं.

वर अगाताने दोघांना दारातच थांबवलं. उन्हाळाभर गुरांबरोबर डोंगरावर राहणारी ही बाई, हात कोपरापर्यंत चक्क्याने माखलेले. जमिनीला टेकेल इतकं खाली उतरलेलं फळ्यांचं छप्पर, मधोमध चूल, आणि चुलीच्या वर फळीवर धुरात वाळत ठेवलेलं चीज.

"जेवायला कुट्टूची उकड आणि आंबट दूध," ती म्हणाली. "याहून वेगळं काही मागाल तर खाली हॉटेल आहे. सकाळी माणसं आणू नका, सकाळी मी गाईंची असते. आणि तुमच्या त्या गुडघेवाल्या बाईला म्हणावं, काठी आण आणि तोंड बंद ठेव. बोलताना दम जास्त लागतो."

वेंडेल हसला. मग न सांगताच बाहेर जाऊन कुंपणाची निखळलेली फळी बसवू लागला. अगाता त्याच्याकडे बघत राहिली, मग युस्तिनाकडे.

"तुझा?"

"छे गं! बस चालवतो."

"बस चालवणारे मी खूप पाहिलेत. कुंपण नीट करणारा आजच पाहिला." अगाताने फळीवरून धुरावलेल्या चीजचे दोन गोळे, दोन त्रनिच, काढून तिच्या हातावर ठेवले. "ही जोडी घे. रीत तुला ठाऊक आहे."

रीत या डोंगराखाली कुणाला ठाऊक नसते! चक्क्यात मीठ आणि साय मळायची, हातावर टोकदार गोळा वळायचा, कोरलेल्या काठीने त्यावर नक्षी उठवायची आणि धुरात वाळवायचा. आकार कसला, ते विचारू नका. उन्हाळाभर वर एकट्या राहणाऱ्या तरुण गुराख्यांना जो आकार आठवला तो. त्रनिच नेहमी जोडीने करतात, दोन्हींवर एकच नक्षी. गुराखी एक स्वतःकडे ठेवी आणि एक आवडलेल्या मुलीला देई. तिने ठेवून घेतलं तर होकार. नको असेल तर ती ते परत पाठवी, आणि मग कुणी कुणाला काही विचारत नसे. बोलायला लाजणाऱ्या माणसांसाठी याहून चांगली सोय अजून कुणी काढलेली नाही.

"पण ते मुलगा मुलीला देतो," युस्तिना पुटपुटली.

"मुलगे आता मोबाइल देतात. तू दे."

परतताना, पाळणा सुरू व्हायच्या आधी, युस्तिनाने जोडीतलं एक त्रनिच वेंडेलच्या हातात ठेवलं. काही बोलावं असं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "हे तुम्हाला. अगाताकडचं आहे."

वेंडेलने ते उन्हात धरून नक्षी पाहिली, वास घेतला आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. "फार आभारी आहे, युस्तिनाबाई," तो म्हणाला, आणि त्याने डोळे मिटून पुन्हा तिची बाही धरली.

त्यानंतर युस्तिनाचा जीव टांगणीला लागला. फाटक वाजलं की वाटायचं, आला परत द्यायला. गुरुवारी तो आला, रिकाम्या हाताने आला, कॉफी प्यायला, दोन पेले पाणी प्यायला आणि गेला. पुढच्या गुरुवारीही तसंच. त्रनिच काही परत आलं नाही. मग मात्र तिने सुतावरून स्वर्ग गाठायला सुरुवात केली. बोलका माणूस नाही, म्हणून बोलला नाही. ठेवून घेतलं, म्हणजे होकारच की! तिने स्वयंपाकघरातले पडदे धुतले, दुसऱ्या खुर्चीवर नवी उशी घातली. अंगणात गुणगुणताना रेझीने तिला पकडलंसुद्धा.

"काय गं, एवढं कसलं गाणं सुचतंय?"

"सहल जमली ना, म्हणून," युस्तिना म्हणाली.

सहलीची शेवटची बैठक मंडळाच्या खोलीत भरली. टेबलावर कॉफी, पोतित्सा हा अक्रोड भरलेला गोड पाव, आणि सगळ्यांच्या तोंडी एकाच वेळी वेगवेगळे प्रश्न. उकड सगळ्यांना चालेल असं ठरलं. काठ्या ज्याने त्याने आणायच्या असं ठरलं. मग रेझीला कल्पना सुचली.

"मी म्हणते, आठवण म्हणून प्रत्येकाला एकेक त्रनिच घेऊ या अगाताकडून."

"नको हो," वेंडेल कोपऱ्यातून म्हणाला. बिचारा मदतच करत होता. "भयंकर खारट असतं ते. आणि कडक किती! मी सूपवर किसून किसून संपवलं."

बोगोमिरनी कॉफी ढवळायची थांबवली.

"खाल्लंत?" रेझीने विचारलं. तिचे डोळे चमकले. "त्रनिच खाल्लंत? आणि तुम्हाला दिलं कुणी, वेंडेल?"

"युस्तिनाबाईंनी," तो म्हणाला, अगदी सरळ मनाने.

सगळ्या माना एकदम वळल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं युस्तिनाला झालं. इतके दिवस ती ज्याला होकार समजत होती, तो या माणसाने बटाट्याच्या सूपवर भुरभुरला होता! कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. बोगोमिर डोळे पुसत वेंडेलला रीत समजावून सांगू लागले. जोडी काय, नक्षी काय, ठेवलं तर काय आणि परत दिलं तर काय. वेंडेलचे कान लाल होत गेले. युस्तिनाने समोर दिसतील तेवढे कप उचलले, त्यातले दोन भरलेले होते, आणि ती आतल्या मोरीकडे निघून गेली.

नळ पूर्ण सोडून ती कप घासत उभी राहिली. रडू येत होतं आणि रागही येत होता, जास्त राग स्वतःचाच. मागे पावलं वाजली. तिने मान वळवली नाही.

"युस्तिनाबाई."

"काही बोलू नका. रीत कळली ना आता? नको असेल तर परत करायचं. करा परत आणि संपवा."

"कसं करू? खाल्लं."

"मग नवीन विकत आणून परत करा!"

वेंडेल पुढे आला. त्याने नळ बंद केला.

"मला रीत माहीत नव्हती, हे खरं. आमच्याकडे कुणी मनापासून खायला दिलं तर ते टाकत नाहीत, एवढंच मला माहीत. पण आवडलं म्हणून नाही खाल्लं मी. देवाशपथ सांगतो, असली वाईट चव जन्मात घेतली नव्हती. मुलगा म्हणाला, बाबा, फेका ते. रोज थोडं किसायचो आणि वर तांब्याभर पाणी प्यायचो. दिलंत तुम्ही, म्हणून शेवटच्या कणापर्यंत खाल्लं." त्याने तिच्या हातातला कप काढून घेतला. "आता परत करायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. आणि उरलं असतं, तरी दिलं नसतं."

युस्तिना त्याच्याकडे बघत राहिली. तिला हसू आलं, मग हसता हसता डोळे भरून आले. पुसायला हात कोरडा नव्हता, म्हणून तिने ते तसेच वाहू दिले.

बाहेरून रेझीची हाक आली. "अगं, आहात का तिथे? बसमध्ये कोण कुठे बसणार, ते ठरवायचं राहिलंय!"

बाहेर सगळे श्वास रोखून बसले होते, हे आतूनही कळत होतं. हसायचं तेवढं हसून झालं होतं, आणखीही हसणार होते. हसेनात का. युस्तिना ओल्या हातांनीच दारात जाऊन उभी राहिली आणि टपाल वाटतानाच्या त्या जुन्या, फाटकाबाहेरून अख्ख्या घराला ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "तुम्ही कुठेही बसा. ड्रायव्हरच्या बाजूची जागा माझी."