चेंडू सुटण्याआधीचे दोन सेकंद

"बघा, हात तरी लावला का त्यानं? खांबासारखा उभा राहिला नुसता!" रस्टी बोझमन पडद्याकडे बोट नाचवत म्हणाला. "तीनशे दहा पौंडांचा गडी, चाळीस विद्यापीठं दारात रांग लावून उभी. डोक्यात हवा गेलीय पोराच्या, दुसरं काय!"

पडद्यावर जमॅरियन लॉफ्टन होता. अलाबामातल्या एका लहान गावच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा डावा टॅकल, म्हणजे पुढच्या फळीतला डाव्या टोकाचा गडी. या जागेवरच्या खेळाडूच्या हाती चेंडू जवळजवळ कधीच येत नाही. चेंडू सुटला, म्हणजे डाव सुरू झाला, की मागे उभ्या असलेल्या, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर कुणाला झडप घालू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. आणि गेल्या चार सामन्यांत तीन जण त्याच्या बाजूने थेट आत घुसले होते.

विद्यापीठाच्या संघाचे हेड कोच टिस्डेल यांनी कपाळ चोळलं. "रविवारी आईला घेऊन येतोय तो. शिष्यवृत्तीचा शब्द दिलाय आपण. ठेवायचा की मागं घ्यायचा?"

"मागं घ्या," रस्टी म्हणाला. पुढची फळी घडवणं हे त्याचंच खातं होतं, म्हणून त्याच्या म्हणण्याला वजन होतं.

"कोच, ही फीत आपली नाही," यंत्रापाशी उभी असलेली वर्लीन पिकेट म्हणाली.

सगळे वळले. बावीस वर्षं वर्लीन या खोलीत सामन्यांच्या फिती कापत होती. सगळे तिला आदराने 'मिस वर्लीन' म्हणत, पण 'मागं घे', 'पुढं घे' यापलीकडे तिला कुणी काही सांगितलं-विचारलं नव्हतं. तिचा नवरा हॉलिस इथल्याच एका शाळेच्या संघाची फळी घडवायचा. जेवणाच्या टेबलावर मिठाच्या नि तिखट सॉसच्या बाटल्या मांडून तो तिला एकेक डाव समजावायचा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली, पण ते डाव तिच्या डोळ्यांत बसले ते बसलेच.

"खेळाडूंचे तुकडे दाखवणाऱ्या वेबसाइटवाल्यांनी कापलीय ही. चेंडू सुटल्यावर सुरू होते. त्याआधीचं काहीच नाही यात."

"त्याआधी काय असतं, मिस वर्लीन?" रस्टी हसला. "पोरं वाकून उभी असतात!"

खोलीत खसखस पिकली. वर्लीन हटली नाही. "शाळेकडून अख्खे सामने मागवलेत मी. दोन सेकंद आधीपासून बघा, एवढंच म्हणतेय."

टिस्डेलनी मान हलवली. "रविवारी लाव. पोरासमोरच."

रविवारी जमॅरियन आला तेव्हा त्याच्या खांद्यांनी दार भरून गेलं. त्याची आई ओडेसा थेट चर्चमधून आली होती, डोक्यावर जांभळी टोपी होती. रस्टीने तोच तुकडा लावायला सांगितला.

"काय झालं इथं?"

"चूक माझी, सर."

"कसली चूक?"

"माझा माणूस मला अडवता आला नाही."

फिरवून फिरवून विचारलं तरी पोराचं एकच पालुपद. रस्टीने वर्लीनकडे बघून भुवया उडवल्या, ऐका आता! ओडेसाने पर्स घट्ट धरली.

वर्लीनने अख्खी फीत लावली आणि एका जागी थांबवली.

"हे बघ, बाळा. चेंडू अजून सुटलेला नाही. समोरचे दोघं पुढं सरकलेत आणि तू मान वळवून शेजारच्याला काहीतरी सांगतोयस. काय सांगितलंस?"

"आठवत नाही, मॅम."

"आठवतंय तुला."

"जमॅरियन!" आई म्हणाली. "विचारतायत ना? खरं बोल."

तो आपल्या पंजांकडे बघत म्हणाला, "वेस्लीला नावं ठेवणार नाही ना कुणी? सहा आठवड्यांपूर्वी तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, मॅम. माझ्या शेजारच्या गार्डचा पाय मोडला, म्हणून त्याला उभं केलं. दुसरं कुणी नव्हतंच. दोघं एकदम आले की तो गांगरतो. मी म्हटलं, तू हलू नकोस, आतला मी घेतो."

"आणि बाहेरचा? तुझा?"

"तो सुटणारच होता. पण त्याला वळसा घालून यावं लागतं. आतला सरळ येतो. तेवढाच श्वास मिळतो आमच्या क्वार्टरबॅकला."

वर्लीनने बटण दाबलं. जमॅरियन आत झुकला, सरळ येणाऱ्याला त्याने उचलूनच बाजूला टाकलं. बाहेरचा वळसा घालून आला, तो नंतर. रस्टी उठून पडद्याजवळ गेला. "परत लाव." मग दुसरा सामना, मग तिसरा. तिन्हीकडे तेच.

"आयला," तो हळूच म्हणाला.

टिस्डेलचं अजून भागलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या संघाचा एक सामना लावून चेंडू सुटण्याआधी थांबवायला सांगितला. "हा तू पाहिलेला नाहीस. काय होणार?"

जमॅरियन पुढे झुकला. "डावीकडून दोघं येतील. उजवीकडचा मागं सरकेल, सर. पुढं येतोय असं नुसतं दाखवतोय, पण भार सगळा टाचांवर आहे त्याचा."

वर्लीनने फीत सोडली. डावीकडून दोघं आले, उजवीकडचा मागे सरकला.

दुसरा डाव, तिसरा, चौथा. एकही चुकला नाही. पाचव्याला रस्टीच टेबलावर थाप मारून ओरडला, "अरे, माझे चौथ्या वर्षाचे गडी असं सांगत नाहीत!"

"आता माझ्या लेकराला जेवायला सोडणार की नाही?" ओडेसाने विचारलं, आणि सगळी खोली हसली. वर्लीनही, नेहमीसारखा तोंडावर हात न धरता.

टिस्डेल उठून उभे राहिले. "शब्द कायम, मिसेस लॉफ्टन. आणि पोरा, त्या वेस्लीला सांग, नशीबवान आहेस म्हणावं."

मायलेक बाहेर पडले. रस्टीने मूल्यांकनाचा कागद पुढे ओढला, पेन उघडलं, मग थांबला आणि दोन्ही वर्लीनपुढे सरकवलं.

"तुम्हीच लिहा, मिस वर्लीन. पाहिलंत तुम्ही. मी नुसता बघत होतो."

ती खुर्ची ओढून बसली. पाय, हात, नजर, एकेक रकाना तिने भरला. 'स्वभाव' पुढे तिने लिहिलं: दोष स्वतःवर घेतो. खाली 'मूल्यांकन करणाऱ्याचं नाव' असं छापलेलं होतं. तिथे तिने सावकाश, सुट्या सुट्या अक्षरांत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.

कागद तिने टिस्डेलपुढे ठेवला. त्यांचा चष्मा पलीकडे टेबलाच्या टोकाला होता. तो न घेता, कागद न वाचताच त्यांनी तिच्या नावाखाली सही केली.