हत्तीच्या भुवया

भट्टी थंड झाल्याचं बाबांना सांगायचं नाही, एवढ्यावर दादाचं आणि माझं एकमत होतं. एरवी आम्ही औषधांच्या वेळांवरूनही भांडत होतो.

त्यासाठी त्यांचा पलंग मागच्या खोलीत हलवला. पुढच्या खिडकीतून बाटल्यांच्या कारखान्याचं धुराडं दिसायचं. काचेच्या भट्टीचं धुराडं फारसा धूर सोडत नाही. त्याच्या तोंडाशी हवा नुसती थरथरत असते. बाबा रोज संध्याकाळी चहा पीत ती थरथर बघायचे. "पुढे गार वारा येतो, छातीला बरा नाही," असं आम्ही सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. वाद घालण्याइतका दम उरला नव्हता.

काचेची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवायची नसते. संप असो, कोणाचं मरण असो. विझली तर आतली काच गोठते आणि विटा तडकतात. बाबा तिचे प्रमुख होते. आई म्हणायची, माझी सवत फार तापट आहे.

औषधांच्या बाटल्या करणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी एक व्हायचं ठरवलं, तेव्हा सरकारच्या स्पर्धा खात्याने हरकत घेतली. दोघी एक झाल्या की भाव पाडायला दुसरं कोणी उरणार नाही, असं खात्याचं म्हणणं. कंपन्यांनी तोडगा काढला: आम्ही आमचा एक कारखाना तिसऱ्याला विकतो, म्हणजे स्पर्धक राहील. तो कारखाना बाबांचा. तिसरा म्हणजे पुठ्ठ्याची खोकी करणारा एक मालक, ज्याने जन्मात काच केली नव्हती. त्यालाच का निवडलं, हे न कळण्याइतकं आमच्या घरात कोणी भोळं नव्हतं.

कारखाना स्वतःच्या पायावर उभा राहील, असं सुनावणीत सांगायला विश्वासाचा माणूस हवा होता. कंपनीच्या वकीलबाई आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसल्या.

"काका, विचारलं तेवढंच सांगायचं."

"म्हणजे स्थळाला मुलाचं वय सांगायचं, व्यसन नाही."

बाई मोकळेपणी हसल्या. "खोटं एक अक्षर नको. मीच बोलू देणार नाही."

"आणि साचे? साच्यांचा विभाग तर तुम्ही ठेवून घेताय. नवी बाटली त्याने कशात घडवायची, कपबशीत?"

"ते विचारलं तर जरूर सांगा."

विक्री फिसकटली तर कारखान्याला टाळं लागेल, अशी कुजबुज होती. बाबांनी चष्मा पुसला. "बघू," म्हणाले.

साच्यांचं कोणी विचारलं नाही. सरकारी अधिकाऱ्याने विचारलं, जुन्या कंपनीशिवाय भट्टी चालेल का? बाबा म्हणाले, "भट्टी मालक ओळखत नाही साहेब. जाळ मिळाला की चालते." सगळे हसले. मंजुरीच्या आदेशात ते वाक्य जसंच्या तसं आलं. वाक्य खरं होतं.

एक झालेल्या कंपनीने आधी भाव इतके पाडले, की नव्या मालकाची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली. नव्या आकाराच्या बाटल्या मागणाऱ्यांना तो साचे येईपर्यंत थांबा म्हणे. ते थांबले नाहीत. मग एका लांबलेल्या सुट्टीत त्याने गॅस वाचवायला भट्टीच बंद केली. खोक्यांच्या कारखान्यात तसंच करतात. कामगार हातापाया पडले. "अरे, सोमवारी परत लावू की," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या यंत्रांना फक्त बटणं होती.

सोमवारी भट्टीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग होती. बाबा तेव्हा इस्पितळात होते.

घरी आणल्यावर हत्ती रोज यायचा. हा बाबांचा भट्टीवरचा जोडीदार, काडीसारखा वाळका, म्हणून हत्ती. आम्ही पढवल्याप्रमाणे तो खोटं बोलायचा.

"आज माल कसा?"

"रग्गड."

"बुडबुडे?"

"येतात थोडे. तू नाहीस ना शिव्या घालायला."

एका दुपारी बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भुवया छान आल्यात रे तुला."

भट्टीवाल्याला भुवया नसतात. झडप उघडून आत डोकावलं की झळ त्या खाऊन टाकते. बाबांच्या भुवया मीसुद्धा पहिल्यांदा पाहिल्या त्या या आजारपणातच.

हत्ती अर्धा चहा टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी आला तो भुवयांशिवाय. डाव्या डोळ्यावर टपोरा फोड. दारातूनच ओरडला, "आज काय झळ होती गड्या! जीव घेणार ती बया!"

बाबांनी त्याला जवळ बोलावलं आणि फोडाशेजारी बोट टेकवलं.

"गाढवा. लायटरने?"

हत्ती पलंगाच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. बाबा त्याची पाठ थोपटत राहिले. मग दादाला म्हणाले, "मला पुढे ने."

दादाने त्यांना उचललं. वजन असं उरलंच नव्हतं. खिडकीबाहेर धुराड्याच्या तोंडावर एक पाखरू बसलं होतं, पंख साफ करत. वरची हवा जागच्या जागी होती.

"मला साच्यांचं कोणी विचारलंच नाही," बाबा म्हणाले.

"हो बाबा."

"मी वाट बघत होतो, विचारतील म्हणून."

"पडदा ओढू का?" मी विचारलं.

"नको."

ते गेले तेव्हा तो उघडाच होता. वकीलबाईंनी फुलं पाठवली, पांढरी, महागाची. हत्ती अजून येतो, बाबांच्या खुर्चीत न बसता शेजारी बसतो. डाव्या भुवईत, फोड होता तेवढ्या जागी, केस आलेले नाहीत.