डबीच्या कपाळी विभूती

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. पण नंबरचा नाही, उन्हाचा नाही आणि नवरदेवाचा तर मुळीच नाही. मी त्रिमिती चष्मा. संगणकाच्या पडद्यावरचे सपाट चित्र माझ्यातून बघितले की ते उठून बाहेर येते. सध्या माझा मुक्काम मुरुम गावच्या एका शाळेत आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जन्मतःच मला दोन काचा, दोन काड्या आणि एक चिमुकली बॅटरी मिळाली. तार मिळाली नाही. संगणकाशी माझे बोलणे एका काळ्या डबीमार्फत चालते. डबी संगणकाला जोडलेली असते आणि तिच्या पुढच्या काचेतून, कुणाला न दिसणाऱ्या प्रकाशाने, ती मला हुकूम सोडते. संगणक एकदा डाव्या डोळ्याचे चित्र दाखवतो, एकदा उजव्या डोळ्याचे. त्या तालावर मी एकेक काच काळी करतो. म्हणजे सेकंदाला साठ वेळा मी डोळा मिचकावतो. इतक्या वर्षांत कुणी माझ्याविरुद्ध तक्रार केलेली नाही.

आधी मी पुण्यात घरे बांधणाऱ्या एका कंपनीत होतो. न बांधलेले फ्लॅट मी इतके खरे दाखवायचो, की नवराबायको सोफा कुठे ठेवायचा यावरून भांडत. पुढे कंपनीने नवे चष्मे घेतले आणि मी कपाटात धूळ खात पडलो. तिथे काम करणाऱ्या एका भल्या माणसाने मला, डबीला आणि संगणकाला आपल्या बहिणीच्या शाळेत धाडून दिले.

ती बहीण म्हणजे राजेश्वरी मॅडम. विज्ञान शिकवतात. फळ्यावर त्यांनी काढलेले हृदय दरवेळी वांग्यासारखे दिसे, आणि मुले परीक्षेतही मन लावून वांगेच काढत. मॅडमनी मला चार्जिंगला लावले. डबी पडद्याच्या वर, बघणाऱ्याकडे तोंड करून बसवली. संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचा वेग वाढवला, त्रिमिती सुरू केली, ट्यूबलाइट घालवली आणि मला नाकावर चढवले. हृदय धडधडत पुढे आले. "अगंबाई!" म्हणून मॅडम खुर्चीसकट मागे सरकल्या.

मुलांची तर रांग हलेना. आठवीतल्या अक्षरा नावाच्या मुलीने हात घालून हृदय चाचपून पाहिले. अशी दाद मला फ्लॅटांनी कधी मिळवून दिली नव्हती.

पण संस्थेचे अध्यक्ष रेवणप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, यांना संगणकाची ही खोली आपल्या भाड्याच्या मंडपाच्या खुर्च्या ठेवायला हवी होती. त्यांनी निरोप धाडला, "खंडेनवमीच्या पूजेला येतो. यंत्र कामाचं असलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाय तर दसरा झाला की खुर्च्या आणून टाकतो."

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारे-अवजारे पुजतात. शिपाई बंडप्पांनी घंटा, पाण्याची मोटर, झेरॉक्सचे यंत्र, सगळ्यांना झेंडूच्या माळा घातल्या. संगणकापाशी आल्यावर अप्पा म्हणाले, "आणा, हितली पूजा म्या करतो." ओली विभूती तीन बोटांवर घेऊन, सगळ्यांत उंच जागी बसलेल्या डबीच्या कपाळावर त्यांनी तीन पट्टे ओढले. डबीचे कपाळ आणि डोळा एकच. वरून माळ. डबी मोठी प्रसन्न दिसत होती आणि ठार आंधळी झाली होती.

मग अप्पांनी मला चढवले. हुकूमच येईना. मी दोन्ही काचा उघड्या ठेवून गप्प बसलो.

"हे दोन-दोन काय दिसायलंय ओ? एका माणसाला दोन काळजं?"

"मोठ्या मनाच्या माणसाचं असेल, अप्पा," मुख्याध्यापक वसंतराव म्हणाले.

"मन ऱ्हाऊ द्या सर, मला चक्कर यायलीय."

मॅडमनी बॅटरी पाहिली, सेटिंग पाहिले. मग त्यांची नजर डबीवर गेली आणि तिथेच थांबली. हात फडक्याकडे वळला, तोच बंडप्पा कुजबुजले, "मॅडम, पुसू नका. सणाचा दिवस हाय, अन् अप्पांच्या हातची हाय."

अप्पा उठलेच. "वसंतराव, खुर्च्या परवा पाठवतो."

"अप्पा, प्रसाद न घेताच निघालात?" मॅडम म्हणाल्या.

"खोबरं खाल्लं की."

"खोबऱ्याचं नाही म्हणत मी. पुजलेल्या देवाची विभूती आपण कपाळाला लावून घेतो ना? पहिला मान तुमचा."

मानाचे नाव निघताच अप्पा मागे फिरले. त्यांनी डबीवरून बोटे फिरवून कपाळाला लावली. मग वसंतराव. मग बंडप्पा, मनोभावे दोनदा. मग मुले. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या अक्षरासाठी विभूती उरलीच नव्हती. तिने नुसतीच काच घासली. "आणि ही माळ शाळेतर्फे तुमच्या गळ्यात," मॅडम म्हणाल्या. अध्यक्ष माणूस हाराला नको म्हणत नाही, हे मी पुण्यातही पाहिले आहे.

डबीचा डोळा उघडला. अप्पा पुन्हा बसले आणि हृदय उसळून पुढे आले.

"आरं तिच्या! पडंल की खाली!" त्यांनी झेलायला दोन्ही हात पुढे केले. मग हात तसेच राहिले. आवाज उतरला. "मॅडम, आमच्या मंडळीची एक झडप नीट मिटत न्हाय म्हणत्यात. डॉक्टरनं कागदावर काढून दाखवलं, पर डोक्यात शिरलं न्हाय. ती तर भिऊन परत डॉक्टरकडं यायलाच तयार न्हाय. कोणती ओ ती?"

मॅडमनी चित्र फिरवून झडप दाखवली. अप्पा बराच वेळ बघत राहिले. जाताना बंडप्पांना म्हणाले, "खुर्च्या आमच्या गोठ्यात टाका. दसरा झाला की हिला घेऊन येतो."

दसऱ्यानंतर अप्पांच्या पत्नी मथुराबाई आल्या. स्वतःच्या चष्म्यावर त्यांनी मला चढवले आणि त्या इवल्या झडपेची उघडझाप बघत राहिल्या. "एवढंसं तर दार हाय," त्या म्हणाल्या, "कधीपास्नं उगंच भ्याले. येते मी डॉक्टरकडं."

मित्रांनो, माझ्यासारखे चष्मे तुमच्या शाळेत असतील तर त्यांना उपाशी ठेवू नका, चार्ज करा. काचा मऊ फडक्याने पुसा, काड्या ताणू नका. डबीसमोर पुस्तकांची चळत उभी करू नका. आणि पूजा जरूर करा. फक्त विभूती डबीच्या पाठीला लावा. तिथे तिला डोळा नाही, आणि मान मात्र पोचतो.