कागदाचा रंग

“डोळा इथं लावा, आनंदीबाई. आणि टेबलाला धक्का लावू नका.”

आनंदीबाईंनी पदर खोचला आणि त्या सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. शाळेला सुट्टी होती; विज्ञानाच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. काचपट्टीवर त्यांच्याच डोक्याचा एक केस ठेवला होता.

“दिसले खवले?”

“हौ, दिसून राह्यले ना. मासोळीच्या आंगावर असते तसे.”

मला फार आनंद झाला. त्या बाजूला झाल्यावर मी डोळा लावला, तर आत काळोख. खालचा आरसा उजेडाकडे वळवायला मीच विसरले होते. मासोळीची उपमाही माझीच होती. येताना रस्त्यात मीच ती त्यांना सांगितली होती.

मी आरसा तेवढा सरळ केला.

आनंदीबाई बालाघाट आणि भरवेलीत नवरीमुलींची केशरचना करत. तरुणपणी त्या खाणीच्या बंगल्यावर आया होत्या. तिथल्या मेमसाहेबांचे केस पाहून चिमटा तापवून बटा कुरळ्या करायला शिकल्या. वेण्यांचा खोपा आईकडून आलेला होता. त्या दोन्हींची सांगड अशी घालत की पाच पेडांची वेणी डोक्याभोवती फिरून खोप्यात कुठं शिरली ते शोधून सापडत नसे, आणि कपाळावर सात बटा.

मला कुतूहल होतं ते त्यांच्या गंगावनाचं, वेणीत गुंफायच्या केसांच्या जादा पेडाचं. मुलींचे विंचरून गळलेले केस घरोघरी जपून ठेवत. त्या गुंत्यातून आनंदीबाई एकेक केस सोडवत. मुळं एका बाजूला, टोकं एका बाजूला. एक जरी उलटा लागला तरी गंगावनाच्या गाठी होतात, असं त्या सांगत. पण सुटलेल्या केसाचं मूळ कोणतं, हे कळायचं कसं? त्या केस अंगठा आणि बोटात धरून चोळत. तो आपोआप एकाच दिशेनं सरकतो. सरकतो तिकडे मूळ. खवल्यांमुळं असं होतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्यांना बोटांतून.

आता लक्षात आलं की या कामाकडे त्यांना बघताना मी कधी पाहिलंच नव्हतं. मान नेहमी दुसरीकडेच असायची.

आठ दिवसांनी भरवेलीला पुष्पलताचं लग्न होतं. माझी जुनी विद्यार्थिनी. वडील खाणीत कारकून. आनंदीबाईंच्या डोळ्यांचं तिच्या घरी सांगावं की नाही, हा विचार आठही दिवस पुरला. सांगितलं असतं तर आनंदीबाईंना पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. न सांगावं, तर तापलेलं लोखंड पुष्पलताच्या कपाळाशी येणार होतं. शेवटी मी सकाळीच गेले आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले.

खोपा तासाभरात झाला. बोटं कुठंही अडली नाहीत. मग त्यांनी शेगडीतून चिमटा काढला आणि वर्तमानपत्राच्या पट्टीवर दाबला. कागद जेमतेम पिवळा झाला तर चिमटा योग्य. तपकिरी झाला तर केस जळतात. त्या कागद नाकाशी नेत होत्या. रंग त्यांना वासावरून कळत होता.

पण मागच्या अंगणात पुऱ्या तळायला सुरुवात झाली होती. खोली करपट तेलाच्या वासानं भरली होती. कागद कॉफीसारखा झाला होता आणि चिमटा पुष्पलताच्या कपाळाकडे निघाला होता.

“थांबा, आनंदीबाई. तो कागद बघू द्या मला.”

त्यांचा हात जागीच थांबला.

“का झालं व?” नवरीची आत्या दुर्गाबाई दारातून म्हणाली.

“काही नाही. कागद किती तापल्यावर रंग बदलतो, ते पाहते आहे.”

“घ्या! ह्या मास्तरीणबाई इथंबी शाळा भरवून राह्यल्या. अवो, वरात राजेगावले पोचली, म्हणते. आटप ना व, आनंदी!”

पुष्पलता हसली. मी कागद हातात ठेवूनच घेतला. “हा तपकिरी झाला,” मी म्हणाले. आनंदीबाईंनी चिमटा हवेत फिरवून पुन्हा दाबला. “आता पिवळा.” मग पहिली बट झाली. सातही बटा अशाच झाल्या.

नंतर हातपंपावर हात धुताना त्यांनी विचारलं, “कवा समजलं तुमाले?”

“शाळेत. त्या नळीत अंधार होता.”

“असं?” त्या हसल्या. “मले वाटलं, त्यात सारेच अंधार पाह्यतेत अन् मनानं खवले सांगतेत.”

“दवाखान्यात दाखवलंत?”

“गोंदियाले दाखवलं. डोळ्याची नस सुकली म्हणे. आता कापूनबी फायदा नाही.” त्यांनी ओले हात झटकले. “पोरीले डाग पडला असता, बाई.”

“पडला नाही.”

“तुमी होत्या म्हणून. दर लगनात तुमाले कुठून आणू?”

त्यांनी चिमटा पदरानं पुसला, अजून कोमट होता, आणि माझ्या हातात दिला. “तुमच्या शाळेत ठेवा. गरम भांडी धराले कामी येईन.”

दिवाळीनंतर दुर्गाबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. मीही गेले होते. नवरीच्या डोक्याभोवती आता वेण्याच वेण्या होत्या. कपाळ मोकळं होतं.

“बटा नाही काढल्या?” मी विचारलं.

“तुमाले फॅशनीतलं का समजते, मास्तरीणबाई?” दुर्गाबाई म्हणाली. “बटा जुन्या झाल्या आता. पुष्पलतानंतर कोणीच नाही काढल्या. हे आनंदीच सांगते साऱ्यांले.”

“हौ,” मी म्हणाले.

आनंदीबाईंची मान खिडकीकडे होती. त्यांनी मांडीवरच्या पुंजक्यातून एक केस ओढला, चिमटीत चोळला, तो सरकेपर्यंत थांबल्या, आणि मूळ वर करून बाकीच्यांत मिळवला.