पिवळ्या कापडावरची तांबडी पावलं

विश्रांतवाडीतल्या त्या मंगल कार्यालयाबाहेर चपला ठेवायलाही जागा उरली नव्हती. आत चौरंगावर विश्वजीत महाराज बसले होते. भगव्या कफनीवर डॉक्टरांचा पांढरा कोट, हातात माइक. हिंजवडीतली आयटीची नोकरी सोडून हे ‘आतल्या संशोधनाकडे’ वळले होते, असं बाहेरच्या फलकावर लिहिलं होतं. समोरच्या पाटावर हळदीत भिजवून वाळवलेलं कापड अंथरलं होतं.

एका तरुणाने हात धुऊन तळवा कापडावर दाबला. पिवळ्यावर लालभडक पंजा उमटला. कार्यालयभर कुजबुज पसरली.

“दिसली बोटं?” महाराज म्हणाले. “शास्त्रज्ञ याला झिंक फिंगर प्रोटीन म्हणतात. जस्ताची बोटं. तुमची जनुकं मुठीत धरून बसलीत. अमेरिका अजून शोधतेच आहे. आम्ही सोडवतो.”

माझ्या हातात माझ्या धाकट्या बहिणीचा, तनुजाचा हात होता. तिच्या स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पहिली केमोथेरपी होती. जायचं की नाही, ते ती इथे ठरवणार होती.

‘झिंक फिंगर’ हा शब्द तिने प्रथम ऐकला तो तिच्या डॉक्टरांकडून, शेफालीताईंकडून. पेशीच्या केंद्रकात अशी प्रथिनं असतात, त्यांनी सांगितलं होतं. जस्ताचा अणू त्यांची घडी बोटासारखी धरून ठेवतो, आणि ती जनुकं चालू-बंद करतात. तनुजाच्या गाठीच्या तुकड्यात त्यांतलं एक प्रथिन जास्त सापडलं होतं. “पुढेमागे त्यावरून आजाराचा अंदाज बांधता येईल, कदाचित त्याच्यावर औषधही निघेल. पण ते आज मला माहीत नाही. आज हाताशी आहे ती केमो, आणि तिला उशीर नको.”

तनुजाने त्यातलं ‘माहीत नाही’ तेवढं धरलं. मोबाइलवर तो शब्द शोधता शोधता तिला महाराज सापडले.

“ताई, डॉक्टरांनाच माहीत नाही. यांना माहीत आहे,” रिक्षात ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, “तू रोज देवासमोर तास तास बसतेस, ते चालतं. मी एकदा आले तर तोंड वाकडं.”

खोटं नव्हतं ते. माझी रोजची पूजा, गुरुवारचा उपास, सगळं घर जाणून आहे.

तनुजाच्या आधी धानोरीच्या चंद्रभागाबाई उठल्या. महाराजांनी सांगितलेले त्यांचे गुरुवार पुरे झाले होते. सेविका मुक्ताबाईंनी त्यांच्या हातावर पाणी घातलं. तळवा टेकला, उचलला. कापड पिवळंच.

“बोटं सुटली,” महाराज म्हणाले. टाळ्या झाल्या. बाईंनी डोळे पुसले.

मग तनुजा. उद्याच्या केमोचं तिने महाराजांना आधी सांगितलं. पाणी, तळवा, आणि लाल पंजा.

“उद्या ते विष टोचून घेतलंत,” महाराज अगदी मायेने म्हणाले, “तर ही बोटं कायमची आवळतील. मग मीही काही करू शकणार नाही.”

तनुजाने माझ्याकडे पाहिलं. तिचं ठरलं होतं, हे मला दिसलं. मी तिचा ओला हात पदराने पुसला. तो साबण लावल्यासारखा बुळबुळीत लागला. सकाळच्या पूजेत पदराला हळद लागली होती. तो डाग माझ्या डोळ्यांदेखत तांबडा झाला.

नवरात्रात देवीचं कुंकू मी घरी करते. हळदीत चुन्याची निवळी घातली की असाच रंग चढतो. मी मुक्ताबाईंकडे पाहिलं. त्यांच्यापुढे तांब्याचे दोन तांबे होते. चंद्रभागाबाईंना पाणी घातलं ते डावीकडच्यातून, तनुजाला उजवीकडच्यातून.

ओरडून सांगितलं असतं तर लोकांनी मला बाहेर काढलं असतं, आणि तनुजा तिथेच राहिली असती. मी हात जोडले.

“महाराज, आज गुरुवार. पाद्यपूजा केल्याशिवाय मी उपास सोडत नाही. आपले पाय धुऊ का?”

महाराज प्रसन्न झाले, पाय पुढे केले. मी उजवा तांब्या उचलला.

“अहो, तो नको, हा घ्या,” मुक्ताबाई घाईने म्हणाल्या.

“का बरं? याच पाण्याने माझ्या बहिणीचे हात शुद्ध झाले ना?”

लोकांचे मोबाइल वर झाले. महाराजांना पाय मागे घेता येईनात. मी पाणी घातलं, कापड पाटासकट पुढे ओढलं आणि म्हटलं, “टेकवा.”

दोन लालभडक पावलं उमटली.

महाराज क्षणभरच अडखळले. मग माइक उचलला. “भक्तांचे रोग मी अंगावर घेतो, ते असे.”

कुणीतरी जयजयकार सुरू केला. तनुजानेही हात जोडले. सगळं हातचं जात होतं.

“तनू,” मी हळूच म्हटलं, “दुसरा हात दे.”

“ताई, पुरे.”

“एकदाच दे.”

तिने डावा हात पुढे केला. मी डावीकडच्या तांब्यातलं पाणी घातलं आणि तळवा कापडावर टेकवला. पिवळंच. शेजारी तिचाच उजवा पंजा लाल होता.

“आता सांगा महाराज, एकाच बाईचा उजवा हात आजारी आणि डावा बरा, असं कसं?”

माइक बंद झाला. पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली, उजव्या तांब्यात बोट बुडवून चाखलं आणि थुंकली. “चुना हाय ह्यो.”

मी तनुजाकडेच बघत बोलले. “हळदीला चुना लागला की लाल होते. आपल्या कपाळावरचं कुंकू असंच होतं. आणि ते प्रथिन गाठीच्या पेशींच्या आत असतं गं, तळहातावर येत नाही. ते बघायला गाठीचा तुकडा लागतो, तो शेफालीताईंनी तपासलाय.”

चंद्रभागाबाई पुढे आल्या. “मंग माझं कापड पिवळं राहिलं, ते?”

“साधं पाणी होतं, काकू.”

“मी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या हायेत.”

महाराज मागच्या दाराकडे सरकले. दारात माणसं उभी होती. तनुजा मात्र त्यांच्याकडे बघतही नव्हती. तिने चंद्रभागाबाईंचा हात धरला.

“काकू, उद्या सकाळी मी दवाखान्यात जातेय. तुमची कागदं घेऊन माझ्याबरोबर चला.”

देवापुढे हात जोडा, मीही जोडते. पण दुखणं अंगात असताना ‘मला अजून माहीत नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरला सोडून ‘मला सगळं माहीत आहे’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. त्याच्या पाण्यात काय आहे, ते आधी विचारा. विचारल्याने कुठलाही देव रागावत नाही. रागावतो तो देव नसतो.